खांदेरी १६७९: भारी जहाज की मुरलेले हात?

मी धाराशिवचा. आमच्याकडे पाणी म्हणजे नळदुर्गच्या पाणीमहालावरून पडणारी बोरी नदी, नाहीतर उन्हाळ्यातला टँकर. तरी मागच्या हिवाळ्यात मला सी कयाकिंगचं वेड लागलं. इंजिनिअर माणूस, त्यामुळे शिकायचं सोडून आधी स्पेसिफिकेशन्स वाचत बसलो. कार्बन फायबरचं वल्हं ईएमआयवर घ्यायला कार्टमध्ये टाकलं. आणि कोकणात पहिल्याच दिवशी बाजूने वारा आला, मी उलटा! शिकवणारे दादा जुनाट प्लॅस्टिकच्या कयाकमधून निवांत आले नि म्हणाले, "नुसते हात ओढू नका, कमरेतून वळा."

तेव्हा मला खांदेरी आठवली.

साल १६७९. मुंबईच्या दक्षिणेला, थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी तटबंदी बांधायला लागले. मुंबई बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचा किल्ला! इंग्रजांनी लगेच जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली.

आता इक्विपमेंट बघा. इंग्रजांचं मोठं जहाज 'रिव्हेंज', त्यावर तोफा. मराठ्यांकडे लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार चालून आलं. इंग्रजांचं 'डोव्हर' मराठ्यांनी पकडलं, त्यांची छोटी जहाजं पळाली. पण एकट्या 'रिव्हेंज'ने तोफांच्या जोरावर सगळं आरमार मागे हटवलं. म्हणजे उघड्या समुद्रात, समोरासमोर इक्विपमेंट जिंकलं. हे मान्य करायलाच पाहिजे.

पण खरा प्रश्न लढाईचा नव्हताच, रसदीचा होता. बेटावरच्या माणसांना धान्य आणि दारूगोळा मिळतोय का? तो मिळत राहिला. वारा पडला की शिडाचं जहाज जागेवर अडकतं. वल्ह्याची होडी चालतच राहते. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं. होडी खडकांना चिकटून जाते. रात्रीच्या अंधारात, त्या पाण्यात मुरलेले खलाशी नाकेबंदीतून निसटून बेटावर पोचायचे. इंग्रज हैराण झाले. शेवटी १६८० च्या सुरुवातीला त्यांनी माघार घेऊन तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तीही आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे स्किल जिंकलं. मला तसं सरळ वाटत नाही. ती होडी हेसुद्धा इक्विपमेंटच होतं की! फक्त ते त्या पाण्यासाठी, त्या हातांसाठी बनलेलं होतं. आणि हात नसते तर तीच होडी पहिल्याच रात्री खडकावर फुटली असती.

मी कार्टमधून वल्हं काढून टाकलं. लाइफ जॅकेट मात्र चांगलं घेतलं, त्यात कंजुषी नाही. उरलेल्या पैशात अजून चार दिवस त्या दादांकडे शिकलो. दुसऱ्या दिवशी परत उलटा झालो, पण या वेळी कयाकमध्ये माझा मीच चढलो.

तुम्ही काय विकत घेतलंय, जे अजून वापरता येत नाही? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!