राजबग्गी ते मोटार : प्रतिकृती बांधणाऱ्या मुलांची गोष्ट

१९३० साल. अमेरिका महामंदीच्या गर्तेत उतरू लागली होती. नेमक्या त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या ‘फिशर बॉडी’ या शाखेने देशभरातील मुलांपुढे एक स्पर्धा ठेवली : नेपोलियनच्या राजबग्गीची लहान प्रतिकृती स्वतःच्या हातांनी घडवा. सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्यांस महाविद्यालयीन शिक्षणासाठी प्रत्येकी ५,००० डॉलर मिळणार होते. फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ तेव्हा सुमारे ५०० डॉलरला मिळे, यावरून या रकमेचे वजन ध्यानात यावे.

आजचा धागा मोटारींच्या प्रतिकृती बांधण्याच्या छंदाचा. तो कसा सुरू करावा हे पुढे येईलच. पण हा ‘आरंभ’ एकेकाळी किती कठीण होता, ते आधी पाहू.

मोटारींच्या कंपनीला बग्गीच का हवी होती? फिशर बंधूंचे घराणे मूळचे घोडागाड्या बनवणारे. १९०८ मध्ये त्यांनी डेट्रॉइटला मोटारींचे सांगाडे बनवणारी कंपनी काढली, आणि नेपोलियनच्या शाही बग्ग्यांवरून बेतलेले चित्र पुढे तिचे बोधचिन्ह झाले. म्हणजे हजारो घरांतील मुले महिनोन्‌महिने कंपनीचे बोधचिन्हच कोरत बसणार होती! ही जाहिरात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शिष्यवृत्ती खरी होती.

आणि कामही खरे होते. कंपनी आराखडा व सूचना देई. लाकडावर नक्षी कोरणे, धातूचे बारीक भाग कानशीने घासून बसवणे, चाकांचे आरे जुळवणे, आतली गादी शिवणे, हे सारे मुलाने करायचे. दिवाळीत अंगणात किल्ला बांधताना बुरूज आणि दरवाजा यांचे प्रमाण जुळवण्यासाठी ज्याने माती तीनतीनदा मोडली असेल, त्याला या कामाची जातकुळी सांगावी लागणार नाही. १९३१ च्या विजेत्यांपैकी डोनाल्ड बर्नहॅम पुढे वेस्टिंगहाऊस या बलाढ्य कंपनीचा प्रमुख झाला.

१९३७ पासून स्पर्धेत मोटारीही आल्या, आणि इथे खेळाचे स्वरूपच पालटले. बग्गीची नक्कल करायची होती. मोटार मात्र स्वतःच्या कल्पनेतली हवी होती. प्रमाण १/१२, म्हणजे खऱ्या गाडीचे बारा इंच ते प्रतिकृतीत एक इंच. १९४७ साली चक जॉर्डन नावाच्या विद्यार्थ्याने या गटात राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. दोन वर्षांनी तो जनरल मोटर्समध्ये रुजू झाला आणि १९८६ मध्ये तिथल्या संपूर्ण डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला. कंपनीला आपले भावी रचनाकार घरबसल्या सापडत होते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ही स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. १९६८ मध्ये ती बंद होईपर्यंत मुलींना तिचे दार उघडले नाही. त्यांच्यातील किती रचनाकार अशा रीतीने हरवल्या, याचा हिशेब कुठल्याही वहीत मांडलेला नाही.

दरम्यान, दुसरीकडून एक साधी वस्तू येत होती. मोटारविक्रेते ग्राहकांना नव्या गाडीची प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती देत. एएमटी ही अमेरिकन कंपनी अशा प्रतिकृती बनवी. (सुरुवातीचे प्लॅस्टिक काही वर्षांत वाकडे होई; संग्राहक आजही त्यावर हळहळतात.) १९५८ मध्ये एएमटीने सुट्या भागांचे असे खोके बाजारात आणले, की त्यातून एकच गाडी तीन प्रकारे जुळवता यावी : कारखान्यातून येते तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. आता कोरीवकाम येण्याची अट उरली नाही. मला यात थोडे नुकसान दिसते आणि पुष्कळ लाभ. कारण शिष्यवृत्ती मूठभरांना मिळाली, खोके मात्र कुणालाही घेता येई.

जपानमधील शिझुओकाची तामिया कंपनी मुळात लाकडाच्या वखारीतून उभी राहिली. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या प्रतिकृतीसाठी शुन्साकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मोजमापासाठी ती सुटी करविली! मोजण्याचा हा हट्ट पाहून आपले दुर्गप्रेमी सुखावतील.

आता आरंभाविषयी. खोक्यावर १/२४ किंवा १/२५ लिहिलेले दिसेल. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १/२५ ही अमेरिकन कंपन्यांची रूढ सवय. ४.८ मीटरची गाडी १/२४ मध्ये २० सेंटिमीटर भरते. पहिल्या खेपेस कमी भागांची गाडी घ्यावी. सुटे भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग चौकटीतून पिळून तोडू नयेत. कापून, पॉलिश पेपरने घासावेत. गोंद थेंबभरच लावावा, कारण तो प्लॅस्टिक विरघळवूनच सांधतो. जास्त झाला तर कडा कायमची बिघडते. रंगाचे पातळ थर द्यावेत, आणि बाहेरचा सांगाडा सर्वांत आधी रंगवावा. तो वाळेपर्यंत इंजिन जुळवता येते.