चित्र आणि चिमुकले हात

भाद्रपद शुद्ध पंचमीला तासगांवांत गणपतीचा रथ निघतो. गुलालानें रंगलेले लोक दोर ओढतात आणि गणपति काशीविश्वेश्वराच्या भेटीस जातात. वडिलांच्या खांद्यावर बसून हा सोहळा पाहिलेलें मूल घरीं परततांच काय करतें? द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा शोधतें, आईच्या शिवणाच्या डब्यांतून दोऱ्याचीं रिळें पळवितें, आणि घटकाभरांत ओसरीवर दुसरा रथ चालूं लागतो. त्या रथाचें एक चाक लहान, एक मोठें असतें, आणि देव म्हणून आंत एक सुपारी बसलेली असते. मुलाला त्यांत कांहींच उणें दिसत नाहीं.

चित्रांचें पुस्तक वाचून झाल्यावर त्यांतील घर, होडी किंवा हत्ती मुलांनीं आपल्या हातांनीं करावा, असें बालशिक्षणाचे जाणकार अलीकडे सांगतात. ही गोष्ट पुष्कळांस परदेशी व नवी वाटते. वस्तुतः पाहिलेलें हातांनीं करून पाहण्याची रीत आमच्या मुलखांत फार जुनी आहे. ती मध्यंतरीं कां मागें पडली व पुन्हा कशी वर आली, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम मोठ्यांचेंच उदाहरण घेऊं. तासगांवच्या गणपतीचें देऊळ परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलें. कर्नाटकांतील मोहिमांत त्यांनीं दक्षिणेकडील देवळें पाहिलीं, तीं मनांत भरलीं, आणि तसें सात मजल्यांचें गोपुर आपल्या गांवीं उभें केलें, असें सांगतात. ओसरीवरचें मूल तरी याहून निराळें काय करतें?

बेंदराला मातीचे बैल होतात. दिवाळींत अंगणांत किल्ला उठतो. अश्विनांत सूर्य हस्त नक्षत्रांत गेला कीं मुली हादगा मांडतात. भिंतीवर हत्तीचें चित्र लावावयाचें, त्यावर फळांची माळ बांधावयाची, आणि भोंवतीं फेर धरावयाचा. येथें चित्र हें केवळ पाहण्यासाठीं नाहीं. त्याच्यासाठीं माळ ओंवावी लागते. चित्र, गाणें आणि हातकाम हीं तिन्ही एकाच अंगणांत नांदत होतीं.

पुढें छापखाना आला. युरोपांत कोमेनियस यानें १६५८ सालीं मुलांसाठीं चित्रांनीं शिकविणारें पुस्तक काढलें, तेंच या जातीचें पहिलें पुस्तक मानतात. आपल्याकडे पुण्यांत १८७८ सालीं चित्रशाळा निघाली, आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघरच्या भिंतींवर आलीं. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक सुरू केलें, आणि मराठी मुलांना दर महिन्याला वाट पाहावी असें कांहीं मिळूं लागलें.

या बाबतींत तासगांवकरांचा एक शेजारी विशेष स्मरणीय आहे. तासगांव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होतें, आणि जवळचें कुंडल औंध संस्थानांत मोडत असे. त्या संस्थानाचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः कुंचला धरणारे होते. १९१६ सालीं त्यांचें चित्ररामायण प्रसिद्ध झालें. राजानें स्वतःच्या हातानें चित्रें काढून रामकथा सांगावी, हा योग विरळाच. १९३८ सालीं त्यांनीं औंधास चित्रांचें व शिल्पांचें संग्रहालयही उघडलें.

परंतु छापील चित्राबरोबर एक नवी शिस्तही घरांत आली. पुस्तक मोलाचें, म्हणून तें कपाटांत ठेवावयाचें. स्वच्छ हातांनीं उघडावयाचें. पान दुमडावयाचें नाहीं. ही शिस्त वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. गरीब घरांतील एकुलतें एक पुस्तक त्या शिस्तीमुळेंच दोन पिढ्या टिकलें. तथापि हादग्याच्या हत्तीला माळ घालणारे हात पुस्तकांतील हत्तीपुढें मात्र पाठीमागें बांधले गेले.

ते हात मोकळे करण्याचें काम शिक्षकांनीं केलें. जर्मनींत फ्रोबेल यानें १८३७ सालीं बालशाळा काढून कागदाच्या घड्या, कातरकाम, मातीकाम यांना शिक्षणांत स्थान दिलें. इकडे १९२० सालीं भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर सुरू केलें. मराठी शिक्षिका ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें. माँटेसरीचीं साधनें महाग. म्हणून शिंपले, गोटे, बिया, पानें यांनाच त्यांनीं साधनें केलें. अनुताई वाघ यांची त्यांना जन्माची साथ लाभली. मुलाला शिकविण्यास लागणारें सामान त्याच्या दारांतच पडलेलें आहे, हा विचार या दोघींनीं आम्हां मराठी माणसांस दिला.

मात्र सामान मिळालें म्हणजे सारें साधलें असें नाहीं. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. माधुरी पुरंदरे यांचें ‘राधाचं घर’ आमच्या नातीचें लाडकें पुस्तक. एके दिवशीं तिनें बुटांच्या खोक्याचें घर केलें आणि खिडकी अगदीं जमिनीशीं कापली. आम्हीं कात्री घेऊन खिडकी वर नेली, कडा सारख्या केल्या, खळीनें कौलें चिकटविलीं. घर मोठें सुबक झालें. तिनें तें पुन्हा हातांत घेतलें नाहीं. दोन दिवसांनीं विचारलें तेव्हां म्हणाली, “आजोबा, ती खिडकी मनीसाठीं होती. आतां तिला बाहेरचं दिसत नाहीं.”

त्या दिवसापासून आम्हीं कात्रीला हात लावलेला नाहीं. खळ शिजवून द्यावी, धारेचें काम तेवढें जवळ बसून पाहावें, आणि बाकी गप्प राहावें. पुस्तकांतल्यासारखें झालें कीं नाहीं, हें मोठ्यांनीं पाहूं नये. तसें व्हावयाचें असतें तर पुस्तक होतेंच. मुलानें त्यांत स्वतःचें काय घातलें, हें विचारावें, आणि उत्तर ऐकावयास थांबावें.

आतां बाजारांत तयार किल्ले मिळतात आणि हलतीं चित्रें तर तळहातावर आलीं आहेत. मुलांच्या डोळ्यांपुढें आज जितकीं चित्रें येतात, तितकीं पूर्वीं कधींच आलीं नव्हतीं. हात मात्र पुन्हा रिकामे होत चालले आहेत. अशा वेळीं संध्याकाळीं एक पुस्तक उघडावें, शेजारीं एक रिकामें खोकें ठेवावें, एवढें कोणत्याही घरास परवडण्यासारखें आहे. पंचमीचा मोठा रथ ओढावयास सारा गांव लागतो. ओसरीवरच्या रथाला मात्र एकच मूल पुरतें. आपण त्याला वाट करून दिली म्हणजे झालें.