वाळवंटातले अलगूज

पंढरपूरचा विठ्ठल कटेवर हात ठेवून उभा आहे, त्यामुळे त्याच्या हाती मुरली नाही. पण गावाला मुरलीची वाण नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. विष्णुपदाला कृष्णाच्या व गाईंच्या पावलांच्या खुणा दाखवतात. आणि वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात बांबूचे पावे विकणारे हिंडत असतात. उंच काठीला पावे खोचलेले, आणि विकणारा एखाद्या सिनेमाच्या गाण्याची चाल वाजवीत गर्दीतून चाललेला.

आडवी धरायची ती बासरी. सरळ, शिट्टीसारखी तोंडात धरायची ती नळी म्हणजे अलगूज. लोक तिला सर्रास पावाही म्हणतात. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांना हा शब्द लगेच ओळखीचा वाटतो, कारण उर्दूत तो 'अलगोजा' आहे. सिंध, पंजाब, राजस्थानात अलगोजा म्हणजे एकाच वेळी तोंडात धरायची नळ्यांची जोडी. सनईसुद्धा शहनाईच, आणि तिच्यातली 'नै' म्हणजे फारसीत बोरूची पोकळ नळी. मौलाना रूमींची मसनवी या नळीच्याच तक्रारीने सुरू होते. बेटातून तोडली गेली म्हणून ती रडते आहे. बोरूला भोके पाडली की नै, टोक तासले की कलम. उर्दू शिक्षकाला नै परकी कशी वाटणार?

अलगुजाच्या तोंडाशी लाकडाची खुंटी बसवलेली असते. खुंटी आणि बांबू यांच्यामधल्या बारीक फटीतून फुंक जाते, पुढच्या चिरेच्या धारेवर आपटते, नळीतली हवा थरथरते आणि सूर निघतो. बासरीत हे काम ओठांना शिकावे लागते. इथे ते खुंटी करते. म्हणून लहान पोरही पहिल्याच फुंकेत वाजवते, आणि म्हणूनच लोक याला खेळणे समजतात.

आयर्लंडच्या लोकांनी तसे समजले नाही. त्यांच्या 'टिन व्हिसल'ची रचना हीच. फक्त नळी पत्र्याची. डब्लिनच्या उत्खननात बाराव्या शतकाच्या सुमाराच्या हाडाच्या शिट्ट्या निघाल्या आहेत. पत्र्याची शिट्टी मात्र इंग्लंडात झाली. सफोक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्क या शेतमजुराने १८४३ मध्ये पत्रा गुंडाळून, तोंडाशी लाकडी ठोकळा बसवून ती बनवली. ती स्वस्त होती, गरिबांच्या हाती गेली. मायको रसेल (१९१५-१९९४) हे डूलिन गावचे साधे शेतकरी तिच्यावर नावाजले गेले. १९७९ मध्ये मेरी बर्गिन या बाईंची केवळ या शिट्टीच्या वादनाची तबकडी निघाली.

सहा भोकांची त्यांची शिट्टी आणि सहा भोकांची आपली बासरी यांतले स्वरांचे अंतर सारखेच असते. फरक 'सा' कुठे मानायचा याचा. ते सगळी भोके झाकून निघणाऱ्या सुराला आधारस्वर धरतात. आपण वरची तीन झाकून सा धरतो. सगळी झाकली की खालचा पंचम लागतो. याच साध्या बांबूला पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लांब केले, सातवे भोक पाडले आणि मैफिलीत बसवले. त्यांचे गुरू खुशी मोहम्मद खाँ आणि मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ.

हे सगळे लिहायला निमित्त झाले आमच्याच मोहल्ल्यातले. एका आषाढीनंतर सहावीतला एक मुलगा अलगूज घेऊन फिरत होता. एका बुजुर्गांनी ते हिसकावून गुडघ्यावर मोडले. "बाजा हराम है," एवढेच म्हणाले. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

संगीताबद्दल उलेमांत मतभेद आहेत, ते मी मिटवू शकत नाही. पण सुनन अबू दाऊदमध्ये एक रिवायत आहे. हजरत अब्दुल्ला बिन उमर यांनी वाटेत पाव्याचा आवाज ऐकला, कानांत बोटे घातली, रस्ता सोडला. सोबतच्या नाफेअना विचारत राहिले, "अजून ऐकू येते?" ते "नाही" म्हणाल्यावर बोटे काढली आणि सांगितले, हुजूर (स.) यांनाही मी असेच करताना पाहिले आहे. अबू दाऊद यांनी स्वतःच ही रिवायत कमजोर ठरवली. बंदीच्या बाजूने ती नेहमी सांगितली जाते. पण स्पेनचे इब्न हज्म (९९४-१०६४) उलटे विचारतात: ऐकणे हराम असते तर नाफेअना ऐकत राहू दिले असते का? इमाम गझालींचा युक्तिवादही याच वाटेने जातो.

आयर्लंडातही धर्मगुरूंचा नाचगाण्यावर रोष होता. त्यांच्या आग्रहातून १९३५ मध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लावणारा कायदा झाला आणि घराघरांतल्या वादनाच्या बैठकांवर गदा आली. १९५१ मध्ये वादकांनी आपली संघटना काढली, तेव्हा कुठे पोरांच्या हाती शिट्ट्या परत आल्या.

मुलगा शाळेत परत आल्यावर मी वर्गात ती रिवायत सांगितली, दोन्ही बाजूंनी. सगळे गप्प होते. त्यानेच हात वर केला.

"सर, वो बजानेवाले को किसीने कुछ बोला क्या?"

"नहीं बेटा. रिवायत में तो नहीं है."