‘आम्ही लोक’ म्हणजे नेमकं कोण?

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेची गोष्ट सांगणार आहोत. तिथलं राज्य कोणत्या विचारांवर उभं राहिलं आणि त्यात बायांना जागा कधी मिळाली, त्याची ही गोष्ट.

अडीचशे वर्षांपूर्वी तिथे इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. कर लावायची लंडनची पार्लमेंट, पण तिच्यात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. आम्हाला विचारत नाही, मग कर कसला मागता, असं म्हणत लोक उठले. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यात सांगितलं होतं की सगळी माणसं जन्मतः समान आहेत. हक्क राजा देत नाही, ते जन्मासोबत येतात. सरकारला सत्ता मिळते ती लोकांच्या संमतीने, आणि सरकारच हक्क तुडवू लागलं तर लोक ते बदलू शकतात.

१७८७ साली त्याच शहरात राज्यघटना लिहिली गेली. तिची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशीच आहे. एक राजा घालवून दुसरा डोक्यावर बसू नये म्हणून सत्तेचे तीन वाटे केले. कायदे काँग्रेसने करायचे, ते राष्ट्राध्यक्षाने राबवायचे, निवाडा न्यायालयाने द्यायचा. शिवाय एकाचा लगाम दुसऱ्याच्या हाती. राष्ट्राध्यक्ष कायदा नाकारू शकतो, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तर त्याचा नकार टिकत नाही. पेटीची किल्ली एकीकडे आणि हिशेबाची वही दुसरीकडे का ठेवायची, हे बचत गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको.

पण हे ‘लोक’ कोण होते? घटना लिहायला बसलेल्यांत एकही बाई नव्हती. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची मोजणी तीन माणसं म्हणून होई, आणि मत तर त्यांना नव्हतंच.

ॲबिगेल ॲडम्स या बाईने मार्च १७७६ मध्येच आपल्या नवऱ्याला, जॉन ॲडम्सला, पत्र लिहून बजावलं होतं की नवे कायदे करताना बायांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती बेलगाम सत्ता देऊ नका. नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित बाया मत देत होत्या. १८०७ साली तोही हक्क काढून घेतला. कागदावरचा हक्क राखला नाही तर जातो, तो असा.

१८४८ साली सेनेका फॉल्स गावात बायांनी सभा भरवली. जुन्याच जाहीरनाम्याच्या धर्तीवर त्यांनी नवा जाहीरनामा लिहिला आणि त्यात पुरुषांसोबत स्त्रियाही समान आहेत, हे घातलं. पुढे मोठं यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली गुलामगिरी संपली. ते ऐकून आपल्या जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. बायांच्या मताला मात्र १९२० साल उजाडावं लागलं. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायांना तर १९६५ च्या कायद्यापर्यंत मत देणं मुश्कीलच होतं.

आपली घटनाही ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच सुरू होते. तिने १९५० साली बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकदमच मत दिलं. मात्र मत मिळालं म्हणजे बोलणं ऐकलं जातं, असं नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा भरते का, ते विचारा. भरली तर जा, बोला, आणि आपलं म्हणणं वहीत लिहिलं गेलं की नाही, ते वाचूनच उठा.