गॅरेजातल्या दोन पेट्या

आज थोडं पान्यांविषयी. आमच्या गावात स्टँडमागे जी जुनी गॅरेजं आहेत, तिथे अजून पान्यांच्या दोन पेट्या दिसतात. एक इंची, एक एमएमची. नवीन पोरांना वाटतं मिस्त्रीची हौस. पण ही हौस सरकारी धोरणातून आलेली आहे.

देशाने मोजमाप बदललं ते ठरवून. १९५६ ला वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलो यायला लागला. काम मोठं होतं आणि झालंही. व्यापाऱ्याने जुनं वजन टाकून नवं घेतलं की विषय संपला.

गाडीचं तसं नव्हतं. त्याच काळात बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबॅसिडर सुरू झाली. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून नटबोल्ट इंची. इकडे मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत फियाट बनायची. ती मूळ इटलीची, म्हणून एमएम. देश एक, कायदा एक, रस्त्यावर मापं दोन. पुढे अँबॅसिडरला जपानी इसुझूचं इंजिन आलं, तेव्हा एकाच गाडीला दोन्ही पेट्या लागू लागल्या. ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती.

आता कोणी म्हणेल, थोडा फरक चालतो की. कुठे चालतो, कुठे नाही. पाऊण इंच म्हणजे १९.०५ एमएम, तिथे १९ चा पाना बहुतेक वेळा बसतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत, १२.७ एमएम. १२ चा चढत नाही, १३ चा ढिला बसतो. ७/१६ म्हणजे ११.११. तिथे ११ चा अडतो आणि १२ चा गरकन फिरतो.

समजा गाडीची डिकी अडकली. खटका गंजलाय, चावी फिरते पण झाकण उघडत नाही. मागची सीट काढून, आत हात घालून लॅचचे बोल्ट सोडायचे. तिथे ढिला पाना लावून जोर केला की बोल्टचे कोपरे मरतात, मग कुठलाच पाना धरत नाही. दहा मिनिटांचं काम छन्नी-हातोड्यावर जातं. डिकीचं एक वेळ ठीक, पण ब्रेकचा बोल्ट असा मेला किंवा ढिला राहिला तर जिवाशी गाठ.

हे सगळं सांभाळलं कोणी? कायदा दिल्लीत झाला, गाड्या कारखानदारांनी विकल्या, आणि दुसऱ्या पेटीचा खर्च मिस्त्रीने स्वतःच्या खिशातून केला. कुठला बोल्ट कुठल्या मापाचा, हे त्याने हाताने शिकून घेतलं. त्याची नोंद कुठल्या फायलीत नाही.

आणि इंच गेला असं समजू नका. घरातला नळ बघा, आजही अर्धा इंची, पाऊण इंची. त्याचे आटे ज्या आकाराचे आहेत, तो जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ ला मांडला होता.

सरकार काहीही बदलो, जुनी वस्तू वापरात असेपर्यंत दोन्ही मापं जाणणारा माणूस लागतोच. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल तर पोरांना त्याच्या हाताखाली चार दिवस बसवा. इंची पेटी भंगारात जाण्याआधी.