शाळेची वाटणी

घरात वाटणी होते तेव्हा भांड्यांवर घातलेली नावं कामी येतात. शाळेच्या इमारतीवर कोणाचं नाव घालणार?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हा प्रश्न उभा राहिला. मेम्फिस शहराचा शाळा-जिल्हा वेगळा होता आणि भोवतालच्या शेल्बी काउंटीचा वेगळा. शहरातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि गरीब, तर उपनगरं तुलनेनं गोरी आणि सधन. डिसेंबर २०१० मध्ये शहराच्या शाळा मंडळानं स्वतःलाच विसर्जित करायचा ठराव केला, मार्च २०११ मध्ये मतदारांनी त्याला कौल दिला आणि जुलै २०१३ मध्ये दोन्ही जिल्हे एक झाले. हा संसार टिकला वर्षभर. ऑगस्ट २०१४ मध्ये सहा उपनगरांनी आपापली चूल मांडली.

मग इमारतींचा वाद. उपनगरं म्हणाली, आमच्या करातून बांधल्या, पुन्हा पैसे कशाला? पण काउंटीचा कर मेम्फिसकरही भरत होते. शिवाय नवे जिल्हे म्हणजे वर्णभेदाची नवी कुंपणं, असा दावा कोर्टात होताच. शेवटी तडजोड झाली. इमारती उपनगरांना मिळाल्या. त्यांनी बारा वर्षं हप्ते भरायचे, ते निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चासाठी. आर्लिंग्टनचा वाटा सुमारे ४० लाख डॉलर. दावा मागे घेतला गेला.

जर्मनटाउनमध्ये मात्र गावाचंच नाव असलेल्या तीन शाळा काउंटीनं सोडल्या नाहीत. कारण तिथली बहुतेक मुलं गावाच्या हद्दीबाहेरून येत होती. हद्दीप्रमाणे शाळा गावाची, हजेरीपटाप्रमाणे बाहेरच्यांची. २०२२ मध्ये राज्यानं कायदाच केला, की एका जिल्ह्यानं दुसऱ्याच्या हद्दीत शाळा चालवू नये. वर्षअखेरीस करार झाला: काही इमारती टप्प्याटप्प्यानं जर्मनटाउनला, आणि बाहेरच्या मुलांसाठी कॉर्डोव्हा भागात नवं हायस्कूल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक प्रणाली फोडून दोन करतो, तेव्हा डेटाची प्रत काढतो. दोघांनाही सगळं मिळतं. शाळेची प्रत निघत नाही. एकाला मिळाली की दुसऱ्याची गेली. म्हणून अशा वाटणीत खरेदीखतावरचं नाव आणि नकाशावरची रेघ पाहून भागत नाही. तिथल्या बाकावर आज कोण बसतं आणि उद्या ते मूल कुठे जाईल, हे आधी विचारायला हवं. जर्मनटाउनमध्ये त्याचं उत्तर सापडायला आठ वर्षं लागली. तेवढ्यात एक पिढी पहिलीतून नववीत जाते.