भूर्जपत्रावरची लसूण

लसणीवर भाषण ते काय द्यायचे, असे आपल्याला वाटेल. पाट्यावर मीठ, मिरची आणि चार पाकळ्या वाटल्या की भाकरीची सोय झाली. त्यात इतिहास कुठला? पण तो आहे, आणि त्यातले एक प्रकरण चक्क एका खुनापासून सुरू होते.

१८८८ साली काराकोरम खिंडीजवळ डॅलग्लीश नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला. खुन्याच्या मागावर निघालेला लेफ्टनंट बॉवर १८९० मध्ये मध्य आशियातल्या कूचा या गावी पोचला. हे गाव आज चीनच्या शिंच्यांग प्रांतात आहे. तिथल्या एका माणसाकडून त्याने भूर्जपत्रांची एक जुनी पोथी विकत घेतली. ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे आली आणि डॉ. हर्नले या पंडितांनी ती वाचून काढली. पाने ५१, लिपी गुप्तकाळातली, भाषा संस्कृत. विद्वान तिचा काळ चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान धरतात. सध्या ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

आता गंमत पाहा. या पोथीचा आरंभच लसणीने होतो! पहिली चाळीसएक पद्ये तिच्यावरच खर्ची पडली आहेत. सुश्रुत काशिराजाला विचारतो, ही वनस्पती कोणती? राजा कथा सांगतो. एका असुराने अमृत प्याले, विष्णूने त्याचे मस्तक उडवले, आणि जे थेंब भुईवर पडले त्यांतून लसूण उगवली. म्हणजे मूळ अमृताचे, पण असुराच्या देहाला लागलेले. म्हणून ब्राह्मणाने ती खाऊ नये.

या कथेत त्या काळचा खरा पेच दडला आहे. मनुस्मृतीने द्विजांना लसूण वर्ज्य केली होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी यात्रेकरू फाहियान यानेही लिहून ठेवले आहे की मध्यदेशात चांडाळ सोडले तर कोणी कांदा-लसूण खात नाही. आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-लसूण पोटभर खाऊन मग चातुर्मासात सोडायची रीत आहे, ती याच निषेधाच्या गोत्रातली. इकडे वैद्याला तर लसूण हवीच! मग करायचे काय? पोथी उपाय सांगते. गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्यावाचून ठेवावे, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणीची पात असे खायला द्यावे, आणि तिचे दूध, दही, तूप, ताक रोग्याने घ्यावे. धर्मही राहिला आणि औषधही पोटात गेले. गाईला मात्र कोणी विचारले नाही, बरे का! ज्यांना बंदी नाही त्यांच्यासाठी थंडीच्या दिवसांत लसणीचा उत्सवच सांगितला आहे. दारावर लसणीच्या माळा टांगाव्या, गळ्यातही घालाव्या.

लसणीला संस्कृतात रसोन असेही म्हणतात. सहा रसांपैकी आंबट तेवढा तिच्यात उणा, अशी त्या नावाची फोड वैद्य करतात.

पण रोगांची यादी वाचू लागलो की मनात शंका येते. त्वचारोग, अपचन, खोकला, पांथरी, मूळव्याध, जंत, पक्षाघात, अपस्मार, सगळ्यांवर लसूण! एकच औषध इतके रोग घालवते असे कोणी म्हणाले, तर तो जुना ग्रंथ असो की शेजारचे आप्पा, थोडे थांबून ऐकावे हे बरे.

१९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली यांनी लसणीतून ॲलिसिन हे द्रव्य वेगळे काढले. काचनळीत ते जंतूंना मारते. आता पोटात घेतल्यावर काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९२ माणसांवर सहा महिने प्रयोग केला. कोणाला कच्ची लसूण, कोणाला लसणीच्या गोळ्या, कोणाला लसूण नसलेल्या नकली गोळ्या दिल्या. २००७ साली निष्कर्ष आला तो असा की रक्तातल्या वाईट कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. रक्तदाब वाढलेल्यांत तो थोडासा उतरतो असे काही प्रयोगांत दिसले आहे. पण थोडासाच. म्हणून लसूण खातो या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. लसणीने रक्त गोठायला वेळही लागतो. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण रोज लसूण किंवा तिच्या गोळ्या घेतो हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

गुरुजींना वर्गात दाखवण्याजोगे एक आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन तयार नसते. पाकळी ठेचली की तिच्यातली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि ते तिथल्या तिथे बनते. उष्णतेने मात्र ही क्रिया थांबते. सोललेली अखंड पाकळी मुलांना हुंगायला द्या, वास बेताचाच येईल. मग तीच ठेचा. आणि दुसरी एक आधी चांगली उकळून मग ठेचा. तो झणका येणार नाही.